रक्त कमी असता साखरेचा हिशेब

साखरेचा आजार, म्हणजेच मधुमेह, आता केवळ शहरातल्या बसून काम करणाऱ्या मंडळींचा राहिलेला नाही, हे खेड्यापाड्यांतील वाचकांना मी निराळे सांगावयास नको. नाशिकपासून मुंबई-आग्रा रस्त्याने पुढे निघाले की ओझर लागते. एका बाजूला विमानांचा कारखाना, दुसऱ्या बाजूला द्राक्षांचे मळे आणि मधून बाणगंगा, असे हे निफाड तालुक्यातले मोठे गाव. येथे काय किंवा तुमच्या गावी काय, पारावर बसलेली दोन माणसे पीकपाण्याची चौकशी झाली की लगेच विचारतात, "दादा, शुगर किती निघाली?" उत्तर मिळते, "तीन महिन्यांची सात." मग ऐकणारा मान हलवतो, बरी आहे की वाईट, हे तोच ठरवून टाकतो.

हा 'तीन महिन्यांची सात' आकडा येतो कोठून, तो नेमके काय मोजतो, आणि ज्याच्या अंगात रक्तच कमी आहे त्याच्या बाबतीत तो चुकीची साक्ष कशी देतो, हे आज आपणांस पाहावयाचे आहे. विषय किचकट वाटेल, पण तो समजला नाही तर काय होते? मधुमेह नसलेल्या बाईला गोळ्या सुरू होतात, आणि ज्याची साखर खरोखर वाढलेली आहे तो गडी 'आपले बरे चालले आहे' म्हणून निर्धास्त राहतो. दोन्ही गोष्टी घडतात.

आपल्याकडे तर हा प्रश्न विशेषच आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे. दुसरीकडे, २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४ स्त्रियांच्या अंगी रक्तक्षय आढळला. म्हणजे दोन बायकांत एकीला रक्त कमी. हे दोन आजार दोन वेगळ्या घरांत राहतात असे कोणी समजू नये. पुष्कळ वेळा ते एकाच घरात, किंबहुना एकाच देहात मुक्कामाला असतात.

आता मुळापासून सुरुवात करू. आपले रक्त तांबडे दिसते ते त्यातील तांबड्या पेशींमुळे, आणि या पेशींना रंग येतो तो हिमोग्लोबिन नावाच्या द्रव्यामुळे. श्वासातून घेतलेला प्राणवायू फुप्फुसातून उचलावयाचा आणि हातापायांच्या टोकापर्यंत पोचवावयाचा, ही हिमोग्लोबिनची हमाली. त्याच्या घडणीत लोह लागते. पुरुषांत हे हिमोग्लोबिन १३ च्या खाली व गरोदर नसलेल्या स्त्रीत १२ च्या खाली गेले की त्यास रक्तक्षय म्हणतात. गावच्या बोलीत 'अंगावर रक्त नाही' किंवा 'बाई पांढरी पडली' असे म्हणतात, ते हेच. जिना चढताना धाप लागणे, कामात उमेद न वाटणे, छातीत धडधडणे, नखे व पापणीचा आतला भाग फिका दिसणे, ही त्याची ओळख.

तांबड्या पेशी हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात व सुमारे १२० दिवस जगतात. द्राक्ष बागाईतदारांना हा काळ सहज लक्षात राहील. ऑक्टोबरातील गोडी छाटणीपासून घड काढणीला येईपर्यंत जेवढे दिवस लागतात, थोडेफार तेवढेच हे आयुष्य. जुन्या पेशी मोडीत निघतात, नव्या त्यांची जागा घेतात, आणि हा क्रम जन्मभर चालू असतो.

रक्तात साखर असतेच. ती नसेल तर माणूस जगणार नाही. ही साखर हिंडता हिंडता हिमोग्लोबिनला चिकटते. एकदा नीट चिकटली की ती पेशी मरेपर्यंत सुटत नाही. रक्तात साखर जितकी जास्त, तितकी ती अधिक चिकटणार, हे उघड आहे. शंभर भाग हिमोग्लोबिनपैकी किती भागांना साखर चिकटली आहे ते मोजावयाचे, हीच ती तीन महिन्यांची तपासणी. प्रयोगशाळेच्या कागदावर तिचे नाव 'एच-बी-ए-वन-सी' असे असते. सात आकडा म्हणजे शंभरांतील सात भागांना साखर लागली आहे.

हायवेच्या कडेला असलेली द्राक्षाची बाग डोळ्यांपुढे आणा. वाहनांची धूळ उडते आणि पानांवर बसते. गेल्या तीन महिन्यांत किती धूळ उडाली हे कोणी विचारले तर आपण काय करू? पाने पाहू. पानांवर थर जाड असेल तर धूळ फार उडाली, पातळ असेल तर कमी. हिशेब सोपा आहे. पण त्यात एक गोष्ट आपण न बोलता धरून चाललो, ती अशी की पाने ठरावीक वयाची आहेत, जुनी किती व नवी किती याचे प्रमाण नेहमीचेच आहे. समजा, बागेत नवी फूट आलीच नाही आणि वेलीवर सगळी जुनीच पाने राहिली. मग धूळ नेहमीइतकीच उडाली असली तरी पाने फार मळलेली दिसतील. उलट जुनी पाने अकाली गळाली आणि सगळीकडे कोवळी पालवी फुटली, तर धुळीचा लोट उठलेला असूनही पाने स्वच्छ दिसतील. पाहणाऱ्याची नजर दोन्ही वेळा चांगलीच आहे. पानांचे वय मात्र त्याने विचारलेले नाही. रक्तातील साखर ही धूळ समजा आणि तांबड्या पेशी ही पाने समजा. रक्तक्षयात नेमके पानांचे वय बदलते.

या तपासणीचा शोध कसा लागला ते थोडक्यात सांगतो, कारण ते आपल्या विषयाला धरूनच आहे. हिमोग्लोबिनचा हा निराळा भाग १९५८ साली हॉलंडमधील संशोधकांनी प्रथम वेगळा काढला; पण त्याचा साखरेशी संबंध असेल हे तेव्हा ध्यानात आले नव्हते. दहा वर्षांनी, १९६८ च्या सुमारास, तेहरान येथे सॅम्युएल रहबर नावाचे शास्त्रज्ञ रुग्णांच्या रक्तात हिमोग्लोबिनचे काही विकृत प्रकार सापडतात का, याचा शोध घेत होते. त्यात त्यांना मधुमेही रुग्णांचे हिमोग्लोबिन वेगळे दिसले. म्हणजे शोधावयास निघाले रक्ताचा दोष आणि हाती लागले साखरेचे माप. पुढे या तपासणीचा फार प्रसार झाला. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने ६.५ किंवा त्याहून अधिक आकडा आल्यास मधुमेहाचे निदान करावे, यास मान्यता दिली. परंतु त्या मान्यतेबरोबर अटही घातली आहे की, आकडा बिघडविणारे दुसरे काही कारण त्या माणसाच्या अंगी नसावे. मान्यता सर्वांपर्यंत पोचली. अट मात्र पुष्कळदा वाटेतच राहिली, असे माझे मत आहे.

आता रक्त कमी होण्याची सर्वांत सामान्य तऱ्हा घ्या, ती लोहाच्या कमतरतेची. पाळीत फार रक्त जाणे, लागोपाठ बाळंतपणे, अनवाणी शेतात हिंडल्याने पोटात होणारे आकडीचे जंत, मूळव्याधीतून होणारा रक्तस्राव आणि अपुरा आहार ही तिची कारणे. लोह कमी पडले की नव्या पेशींची भरती मंदावते. वेलीवर जुनी पाने राहिल्यासारखे होते आणि एच-बी-ए-वन-सीचा आकडा असावा त्यापेक्षा वर दिसतो. बी-१२ जीवनसत्त्व किंवा फोलिक आम्ल कमी पडले तरीही पेशींची घडण अडते व आकडा वर सरकू शकतो.

उदाहरण म्हणून एखादी वहिनी घ्या. वय चाळीस, दिवसभर बागेत विरळणीचे काम, पाळीत रक्त फार जाते, हिमोग्लोबिन ८. गावात तपासणी शिबिर भरले, तिने रक्त दिले, तीन महिन्यांची साखर निघाली ६.७. कागदावर मधुमेह ठरला. घरात सासूबाई म्हणाल्या, "आता भाकरी अर्धीच खा." बिचारीचे अगोदरच रक्त कमी, त्यात जेवणही कमी झाले. पण तिची उपाशीपोटी साखर मोजली तर ती ९५ आणि जेवणानंतर दोन तासांनी १३०, म्हणजे अगदी ठीक. अशा बाईला साखरेच्या गोळीची गरज नाही, लोहाची आहे. लोहाचा उपचार पुरा झाल्यावर तिचा तो ६.७ चा आकडा खाली येतो, साखरेवर काहीही इलाज न करता.

ज्याला खरोखर मधुमेह आहे आणि शिवाय रक्तही कमी आहे, त्याच्या बाबतीत धोका याहून मोठा. आकडा फुगलेला पाहून औषध वाढविले जाते. खरी साखर तितकी नसतेच. मग ती औषधाने एकदम खाली जाते. भर दुपारी बागेत काम करताना दरदरून घाम, हातापायांना कापरे, डोळ्यांपुढे अंधारी, माणूस असंबद्ध बोलू लागतो. लोक म्हणतात ऊन लागले. ऊन नव्हे, साखर उतरलेली असते, आणि अशा वेळी शुद्ध असेल तर दोन-तीन चमचे साखर पाण्यात घालून ताबडतोब पाजणे हाच पहिला उपाय. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये. गाडी काढून दवाखाना गाठावा.

दुसरी बाजू पाहू. काही रक्तक्षयांत पेशी अकाली मोडतात. आपल्या नाशिक जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा जन्मजात विकार आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात व १२० दिवसांऐवजी फार थोडे दिवस जगतात. त्या भागातील कितीतरी माणसे हंगामात निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर मजुरीला येतात. अशा सिकलसेलच्या रुग्णाला जर मधुमेह झाला, तर त्याच्या पेशींना साखर चिकटण्यास पुरता अवधीच मिळत नाही. तीन महिन्यांचा आकडा येईल ५.५, आणि जेवणानंतरची साखर असेल २५०. कोवळी पालवी स्वच्छ दिसते, पण धूळ उडतेच आहे. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाने एच-बी-ए-वन-सीवर मुळीच विसंबू नये. जे फक्त वाहक आहेत, म्हणजे ज्यांना स्वतःला त्रास नाही, त्यांचाही आकडा थोडा कमी येऊ शकतो, आणि काही यंत्रांवर तो नीट मोजलाही जात नाही. सिकलसेलचे निर्मूलन करण्यासाठी राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली असून तिच्यात तपासणी केली जाते. ज्यांच्यापाशी त्या तपासणीचा कागद असेल, त्यांनी साखरेसाठी दवाखान्यात जाताना तो बरोबर न्यावा. थॅलेसेमियाच्या रुग्णांनाही हेच लागू आहे.

आकडा खोटा खाली आणणारी आणखीही कारणे आहेत. अपघातात किंवा शस्त्रक्रियेत बरेच रक्त गेले, किंवा बाटलीने रक्त चढविले, तर पुढचे तीन महिने हा आकडा विश्वासाचा नाही. गरोदरपणात पेशींची उलाढाल वाढते. म्हणून गरोदर बाईची साखर या तपासणीने न ठरवता ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी रक्त घेऊन ठरवितात, आणि ती १४० किंवा अधिक निघाल्यास गरोदरपणातला मधुमेह धरतात. ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते. ती चुकवू नये. आणि एक गंमत अशी की लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर मगज जोमाने नव्या पेशी घडवू लागतो, त्यामुळे मधुमेही माणसाचा तीन महिन्यांचा आकडा एकाएकी उतरतो. तो खुश होऊन पेढे वाटावयास निघतो! पेढे जरा थांबवावेत. साखर उतरली की पाने नवी झाली, हे जेवणाआधीची व जेवणानंतरची साखर मोजूनच कळेल.

ओझरच्या कारखान्याशी ज्यांचा संबंध आहे त्यांना ही गोष्ट दुसऱ्या एका उदाहरणाने लगेच पटेल. येथे १९६४ पासून विमानाचे काम चालते. मिग जातीची विमाने येथे बांधली गेली आणि पुढे सुखोईही. विमानात उंची दाखविणारे एक यंत्र असते. ते प्रत्यक्षात उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजते, व दाबावरून उंची सांगते. त्या दिवशी त्या ठिकाणी हवेचा दाब किती आहे हे वैमानिकाने यंत्रात आधी जुळवून घ्यावयाचे असते. ते राहिले तर यंत्र उत्तम असूनही उंची चुकते. तीन महिन्यांच्या साखरेचेही तेच. ती साखर मोजत नाही, साखरेचा माग मोजते, आणि मागावरून साखर सांगते. जुळवणीचा आकडा म्हणजे हिमोग्लोबिन. तो शेजारी ठेवल्याखेरीज हा वाचू नये, इतकेच माझे म्हणणे.

आकडे जुळतात की नाही हे घरीच पाहता येते, आणि येथे शिक्षक बंधु-भगिनींची मोठी मदत होईल. एच-बी-ए-वन-सी ६ असेल तर गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर अदमासे १२६ असावी. ७ असेल तर १५४, ८ असेल तर १८३ आणि ९ असेल तर २१२. आता त्या माणसाची वेळोवेळी मोजलेली साखर वहीत लिहून ठेवलेली असेल, सकाळची उपाशीपोटीची, जेवणानंतर दोन तासांची, अशी निरनिराळ्या दिवसांची, तर तिच्याशी हे ताडून पाहावे. थोडाफार फरक असणारच. पण वहीत सगळे आकडे शंभर-सव्वाशेच्या घरात आणि कागदावर ८, किंवा वहीत दोनशे-अडीचशे आणि कागदावर ६, असे दिसले की समजावे, पानांच्या वयात काहीतरी गडबड आहे. गणित पाचवीच्या मुलाचे आहे. ते करणारा माणूस मात्र गावात हवा.

यावर कोणी म्हणेल, मग ते बोट टोचून मोजण्याचे यंत्र बरे. बरे आहेच, पण तेही रक्तक्षयाच्या तावडीतून सर्वस्वी सुटलेले नाही. रक्तात पेशी कमी व पाणी जास्त असेल तर पुष्कळ साधी यंत्रे साखर खऱ्यापेक्षा थोडी वाढवून दाखवितात. काही नव्या यंत्रांत याची दुरुस्ती केलेली असते. म्हणून रक्त फार कमी असेल तर मधून मधून शिरेतून रक्त देऊन प्रयोगशाळेत साखर तपासावी. तेथेही एक दक्षता घ्यावी. काढलेले रक्त साध्या नळीत तसेच पडून राहिले तर पेशी त्यातली साखर खात राहतात आणि दर तासाला साखर घटते. गावातून नळ्या गोळा करून दुपारच्या गाडीने नाशिकला पाठविणाऱ्यांनी राखाडी टोपणाची, साखरेसाठीची नळी वापरावी आणि वाटेत उशीर करू नये. दोन-तीन आठवड्यांची साखर सांगणारी फ्रुक्टोसामाइन नावाची आणखी एक तपासणी आहे. तिला तांबड्या पेशींशी कर्तव्य नाही, मात्र ती शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेतच होते.

येथवर आकड्यांचे झाले. पण मधुमेही माणसाचे रक्त कमी का झाले, हा प्रश्न आकड्यांहून महत्त्वाचा आहे. 'वय झाले, रक्त कमी व्हायचेच' असे म्हणून तो सोडून देतात, ते मला मुळीच पसंत नाही. पुरुषाच्या अंगी लोह कमी पडले असेल तर रक्त कोठून तरी जात आहे, असे धरूनच चालावे. पोटातील व्रण, मूळव्याध, क्वचित आतड्याचा कर्करोग, हे सारे तपासून घ्यावे. शिवाय मधुमेहाने मूत्रपिंडे थकतात. मूत्रपिंड केवळ लघवी गाळते असे नव्हे. मगजाला 'पेशी घडवा' असा हुकूम देणारे एक द्रव्य तेच सोडते. मूत्रपिंड खचले की तो हुकूम पोचत नाही व रक्त घटते. तेव्हा मधुमेही माणसाचे हिमोग्लोबिन उतरू लागले तर रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिन तपासणे अगत्याचे. पायांना सूज येण्याची वाट पाहत बसू नये.

दुसरे कारण औषधातच दडलेले असते. मधुमेहावर सर्वांत अधिक दिली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळी गुणी आहे, स्वस्त आहे. परंतु वर्षानुवर्षे घेतल्यास काहींच्या अंगात बी-१२ जीवनसत्त्व कमी पडते. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मांस, मासे यांत असते, भाजी-भाकरीत नसते. माळकरी, शाकाहारी घरांत ते आधीच जेमतेम. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर मातांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. त्यात सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ कमी आढळले. फोलिक आम्ल मात्र एखादीचाच अपवाद सोडता कोणाचे कमी नव्हते. आणि ज्या मातांमध्ये बी-१२ फार कमी व फोलिक आम्ल भरपूर होते, त्यांच्या मुलांच्या शरीरावर सहाव्या वर्षी इन्सुलिनचा प्रभाव सर्वांत कमी पडत असल्याचे दिसले. ही मधुमेहाच्या वाटेवरची पहिली खूण समजतात. आपल्याच खेड्यांतून निघालेले हे ज्ञान जगभरच्या वैद्यकाने वाचले.

बी-१२ कमी झाले की पायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, चालताना गादीवरून चालल्यासारखे वाटते. मधुमेहातही असेच होते. म्हणून दोष सगळा साखरेच्या माथी मारला जातो आणि साध्या इंजेक्शनाने वा गोळीने भरून निघणारी उणीव तशीच राहते. पाच-सात वर्षे मेटफॉर्मिन चालू असेल, पाय बधिर होत असतील, तर 'डॉक्टरसाहेब, माझे बी-१२ तपासता का?' असे विचारण्यात संकोच नको. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करावयाची नाही.

आता खाण्याचे. रक्त कमी आहे म्हटले की शेजारीपाजारी सल्ले देतात: गूळ-शेंगदाणे खा, खजूर खा, काळ्या मनुका रात्री भिजत घालून सकाळी खा. निफाड तालुक्यात मनुकांना काय तोटा? पण मधुमेही माणसाला हा सल्ला मानवणारा नाही. गुळात लोह असते, पण थोडे. शंभर भाग गुळातील ऐंशीच्या वर भाग साखरच असते. मनुकांतही निम्म्याहून अधिक साखर. लोहाच्या आशेने मूठभर मनुका रोज खाल्ल्या तर लोह मिळेल चिमूटभर आणि साखर चढेल हातभर. बीट आणि डाळिंब लाल आहेत म्हणून ते रक्त वाढवितात, ही समजूतही रंगावरून झालेली आहे. लोह त्यांत फारसे नाही. त्यापेक्षा बाजरीची भाकरी, माठ-शेपूसारख्या पालेभाज्या, मोड आलेली मटकी व हरभरे, तीळ, आणि खाणाऱ्यांसाठी अंडी, मांस, कलेजी हे चांगले. जेवणात लिंबू पिळावे, आवळा घ्यावा, पेरूची फोड खावी. त्यांतील क जीवनसत्त्वाने धान्य-भाजीतील लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा मात्र घेऊ नये. चहा लोहाला अडवितो, मग तो बिनसाखरेचा का असेना.

पण हिमोग्लोबिन आठ-नऊवर आलेले असताना केवळ आहाराने ते भरून येत नाही. लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. शाळांतून मुलामुलींना आठवड्याला जी निळी गोळी मिळते तिच्यात लोह व फोलिक आम्लच असते, हे शिक्षकांना ठाऊक आहेच; मोठ्यांचा उपचार मात्र डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे व त्यांनी सांगितल्या मुदतीपर्यंत चालवावा. दूध, चहा व कॅल्शियमची गोळी यांच्याबरोबर ती घेऊ नये. शौचास काळे होते, त्याने घाबरून गोळी टाकू नये. हिमोग्लोबिन भरले तरी शरीरातील साठा भरण्यास आणखी काही महिने लागतात.

तेव्हा पुढच्या वेळी तीन महिन्यांची साखर तपासावयास जाल, तेव्हा त्याच रक्तातून हिमोग्लोबिनही करून घ्या. ते प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. दोन्ही कागद एकत्र ठेवा. पूर्वी रक्त चढविले असेल, सिकलसेल असेल, लोहाच्या गोळ्या चालू असतील, बाळंतपण नुकते झाले असेल, तर ते न विचारताही सांगा. समोर वीस-पंचवीस माणसे रांगेत असताना डॉक्टरांना प्रत्येकाचे सारे विचारणे होतेच असे नाही. रक्तक्षयाचा उपचार पुरा झाल्यावर, हिमोग्लोबिन स्थिरावल्यावर, मग तीन महिन्यांनी एच-बी-ए-वन-सी पुन्हा करावे. पुढच्या सर्व तुलना त्या आकड्याशी करावयाच्या. मधल्या काळात वहीत लिहिलेली सकाळची व जेवणानंतरची साखर हाच आधार. शाळेतील जुनी अर्धी कोरी वही यासाठी पुरते. एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात वेळ, तिसऱ्यात साखर आणि शेवटच्यात, महिन्या-दोन महिन्यांनी का होईना, हिमोग्लोबिन.